उशिरा दिसणारा चेंडू

न्हाव्याची कात्री डाव्या कानामागे चालू असताना पाठीमागच्या भिंतीवरच्या टीव्हीत कोच बोलू लागला. समोरच्या आरशात तो उलटा दिसत होता. डाव्या हातातलं घड्याळ उजव्या हातात गेलेलं, तळाला सरकणारी अक्षरं वाचता न येण्यासारखी. आवाज मात्र सरळच येत होता. संघ ओळीने पाच सामने का हरला, असं कुणीतरी विचारलं होतं. कोचने नाक चोळलं, समोरची पाण्याची बाटली थोडी बाजूला सरकवली आणि म्हणाला, “आमच्या गोलकीपरला हल्ली चेंडू जरा उशिरा दिसतो. वय होतं माणसाचं. लपवण्यासारखं काय आहे त्यात?” तो गोलकीपर खुर्चीत बसला होता, गळ्यापर्यंत कापड गुंडाळलेलं, दोन्ही हात कापडाखाली. ते हात त्याला एकदम फार मोठे आणि बिनकामाचे वाटले. कात्री थांबली होती. दोन श्वासांपुरती, जास्त नाही. न्हावी दहा वर्षं त्याचे केस कापत होता आणि आजवर एकाही सामन्यावर आपलं मत ऐकवल्याशिवाय त्याने कापड झटकलं नव्हतं. त्या दिवशी त्याने एवढंच विचारलं, की मागून अजून थोडे कमी करायचे का. गोलकीपरने मान हलवली. ती हो म्हणायला हलवली की नको म्हणायला, ते दोघांनाही कळलं नाही.

बाहेर आल्यावर ऊन डोळ्यांवर आलं, आणि आपल्याला नीट दिसतंय का हे आपण तपासतोय, असं त्याच्या लक्षात आलं. समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एक बाई खिडकीची काच पुसत होती. तिच्या हातातलं फडकं दिसत होतं, फडक्याला पडलेलं भोकही दिसत होतं. येणाऱ्या बसचा नंबर त्याने चांगला लांबून वाचला आणि क्षणभर बरं वाटलं. मग मनात आलं, की लांबचं दिसणं वेगळं आणि वेळेवर दिसणं वेगळं. बस आपल्याला दिसली, त्याआधी ती किती वेळ तिथे होती? ज्याला उशिरा दिसतं त्याला हे कळणार कसं? त्याच्या दृष्टीने तर जे दिसलं ते आत्ताच आलं. हा प्रश्न डोक्यात शिरला तो शिरलाच. थांब्यावर उभा राहून तो येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांकडे बघत राहिला, आणि कोपऱ्यावरून वळून येणारं प्रत्येक माणूस त्याला दचकवत होतं.

छत्तिसावं लागलं होतं. त्यातली सतरा वर्षं ह्याच क्लबच्या गोलमध्ये गेली. कोच त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा, आणि तो खेळत होता तेव्हा ह्याच्याच पुढे बचावाला उभा राहायचा. सगळे त्याला लांब्या म्हणत. एकोणीस वर्षांचा असताना पहिल्या सामन्याला हा मैदानात उतरत होता, तेव्हा लांब्याने मोजा वर ओढत सांगितलं होतं, की तू फक्त ओरड. मला माझ्या पाठीमागचं दिसत नाही, ते तुला दिसतं. तू ‘माझा’ म्हणून ओरडलास की मी मान वळवूनसुद्धा बघणार नाही, नुसता बाजूला होईन. आणि तो खरंच व्हायचा. सहा वर्षं तो लांबलचक देह नुसत्या आवाजावर बाजूला होत राहिला. एवढा विश्वास नंतर कुणी टाकला नव्हता, बायकोनेही नाही. ती बिचारी रस्ता ओलांडताना त्याने चल म्हटलं तरी एकदा दोन्हीकडे बघून घेते. आता पोरांच्या देखत लांब्याला सर म्हणावं लागे, आणि त्याची त्याला सवयही झाली होती. त्या संध्याकाळी त्याने सरांना दोनदा फोन लावला. फोन उचलला गेला नाही. दुसऱ्या दिवशी सरावाला सर नेहमीसारखे आले, शिट्टी तोंडात धरूनच त्याच्याकडे बघून मान डोलावली आणि पोरांना पळवायला घेतलं. पोरं त्याच्याशी फार हळू बोलत होती. आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तसं.

त्याची बायको एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करते. दुपारच्या सुट्टीत तो तिथे गेला तेव्हा ती डबा उघडून बसली होती. तिने काही विचारलं नाही. हात पुसले, त्याला आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं आणि उंच खुर्चीत बसवलं. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण ह्या खुर्चीत तो कधी बसला नव्हता. तिने यंत्र त्याच्या चेहऱ्यासमोर आणलं, हनुवटी टेकायला सांगितली. तिचा चेहरा इतका जवळ होता की तिच्या श्वासाला येणारा जेवणाचा वास कळत होता, आणि तरी ती परक्या माणसाशी बोलावं तसं बोलत होती, वर बघा, आता माझ्या कानाकडे बघा. गिऱ्हाइकांशी अहो-जाहो करायची जिभेची सवय. तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेला. शेवटची ओळ संपल्यावर तिने दिवा लावला आणि म्हणाली, “काही नाही रे. नंबरसुद्धा नाही.” त्याला वाटलं होतं की हे ऐकून सुटल्यासारखं वाटेल. तसं वाटलं नाही. नंबर निघाला असता तर भिंग लावता आलं असतं, औषध घालता आलं असतं, निदान एका कागदावर ते लिहून तर मिळालं असतं. काही नाही म्हणजे ते कुठेही असू शकत होतं. तिने त्याच्या खांद्यावरचे कालचे बारीक केस झटकले आणि पुन्हा डब्यापाशी गेली.

त्यानंतरच्या पहिल्या सामन्यात त्याने गोल खाल्ला तो अगदी साधा होता. समोरच्याने वीस पावलांवरून, काही खास जोर न लावता मारलेला. एरवी असा चेंडू तो बघायचासुद्धा नाही, हात आपोआप जायचे. ह्या वेळी त्याने तो बघितला. पायापासून सुटताना बघितला, गवतावर एकदा टेकताना बघितला, आणि बघत असताना आतून कुणीतरी विचारत होतं, दिसला का? आत्ता दिसला की मघाशीच दिसायला हवा होता? चेंडू दिसतोय की नाही हे बघण्यात तो अडवायचा राहून गेला. जाळी हलली. प्रेक्षकांतून काही फार आवाज उठला नाही, आणि तेच वाईट होतं. लोक ते धरूनच चालले होते. बचावाच्या मधोमध खेळणारा पोरगा, ज्याला सगळे स्टॉपर म्हणत, धावत मागे आला आणि त्याच्या पाठीवर थोपटून गेला. बावीस वर्षांचा. त्याआधीच्या पाच सामन्यांत ह्याच पोराच्या चुकांनी आठ-नऊ गोल झाले होते आणि प्रत्येक वेळी थोपटायचं काम ह्याने केलं होतं.

त्या सामन्यात बरोबरी झाली. पुढचा जिंकला. त्याच्या पुढचाही. काय झालं होतं ते पेपरवाल्यांच्या आधी त्याला कळलं, कारण सगळं त्याच्या डोळ्यांसमोर घडत होतं. पोरं गोलमध्ये कुणीच नाही असं समजून खेळायला लागली होती. पूर्वी चुकलो तर मागे दादा आहे, अशी त्यांची बेफिकिरी असायची. आता चेंडू दादापर्यंत पोचताच कामा नये, असं ठरवून ती जिवावर उदार होऊन अंग झोकत होती, पाय, पोट, तोंड, जे मध्ये येईल ते घालत होती. स्टॉपर तर ओळखू येत नव्हता. काही आठवड्यांपूर्वी चेंडू आला की ज्याचे हातपाय गळायचे, तो आता दुसऱ्यांना ओरडून जागा दाखवत होता. आणि गोलकीपर मागे उभा राहून ‘माझा’ म्हणून ओरडत होता. उंचावरून येणारा चेंडू स्पष्ट त्याचा असायचा, तो दोन पावलं पुढे यायचा, हात वर करायचा, ओरडायचा, आणि शेवटच्या क्षणी स्टॉपरचं डोकं मध्ये येऊन चेंडू बाहेर जायचा. पोरगा वळून म्हणायचा, सॉरी दादा, ऐकू नाही आलं. दोनदा, तीनदा. चौथ्या वेळी सॉरी म्हणणंही सुटलं. मग तोच ओरडायचा कमी झाला. गोलमधल्या माणसाचा आवाज गेला की त्याच्यात आणि खांबात फार फरक राहत नाही. नव्वद मिनिटं तो दोन खांबांच्या मध्ये तिसरा खांब होऊन उभा राहायचा. हातमोजे कोरडे घेऊन आत यायचा. घाम असायचा, पण तो कसला होता ते त्याला सांगता आलं नसतं.

एक पत्रकार बाई होत्या. त्यांनी त्याच्या पहिल्या वर्षापासून त्याच्यावर लिहिलं होतं, आणि चुकलं तेव्हा चुकलं असंच लिहिलं होतं, त्यामुळे त्याला त्यांच्याबद्दल आदर होता. त्यांनी फोन करून सांगितलं, की कोच लोक उघडपणे जे बोलतात त्याचा संघाच्या खेळावर परिणाम होतो का, ह्यावर त्या लेख लिहितायत. काहींचं म्हणणं असं की काडीचाही होत नाही, सगळं सरावावर असतं. काहींचं म्हणणं एका वाक्याने संघ मोडतो. तुमचं काय? तो स्वयंपाकघरात उभा होता, एका हाताने नळ बंद करत. त्याने सांगितलं, की परिणाम झालाय ना, चांगलाच झालाय, त्यानंतर पाच सामने झाले, एकही हरलो नाही, बघताच आहात. बाई म्हणाल्या, संघाचं झालं. तुमचं विचारतेय. तो म्हणाला, की मी संघातच आहे.

शेवटचा एक सामना राहिला होता. बरोबरी झाली तरी संघ ह्या गटात टिकणार होता, हरला तर खालच्या गटात जाणार होता आणि मग निम्म्या पोरांना घरी बसावं लागलं असतं. त्या आठवड्यात तो कोचच्या खोलीत गेला. खोली लहान, एका भिंतीला लोखंडी फळा, त्यावर खेळाडूंचे लोहचुंबकाचे गोळे. अकरा गोळ्यांतला त्याचा हिरवा, बाकीचे लाल. कोच खुर्चीत मागे रेलून डबीतून कसलीशी गोळी काढत होता. आम्लपित्ताचा त्रास त्याला खेळायचा तेव्हापासून होता. ह्याने दार लावून घेतलं आणि सर म्हटलं नाही.

“लांब्या, ते का बोललास?”

कोचने गोळी गिळली. मग त्याने सगळं सांगितलं, आणि न लपवता सांगितलं. पाच सामन्यांत सोळा गोल बसले, त्यातले तुझे दोन. बाकी सगळे त्या पोरांचे. पेपरवाले पोरांना फाडून खायला टपले होते. स्टॉपरची आई मला फोन करत होती, की तो जेवत नाही, खोलीतून बाहेर येत नाही. अजून एक सामना तसा गेला असता तर पोरगं खेळ सोडून गेलं असतं. मला कुणाला तरी पुढे करायचं होतं, म्हणून ज्याच्याच्याने झेपेल त्याला पुढे केलं. “मला आधी सांगायचंस,” गोलकीपर म्हणाला. कोच म्हणाला, की सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं. तुला कधी नाटक आलंय? पोरांना ते खरं वाटायला हवं होतं, आणि त्यासाठी आधी तुला खरं वाटायला हवं होतं.

“मग आता परत घे.”

“शनिवारपर्यंत?” कोच म्हणाला. “आता तू सांग. घेऊ परत?”

फळ्यावरचा हिरवा गोळा थोडा खाली घसरला होता. कोचने उठून तो जागेवर सरकवला. सतरा वर्षांत ह्या माणसाचा त्याला असा राग आला नव्हता, आणि रागाला धरायला जागाच सापडत नव्हती. त्याचं सगळं बरोबर होतं. दाराशी जाऊन तो वळला आणि विचारलं, की मग ते खोटं होतं ना? कोच म्हणाला, “खोटंच रे.” पण म्हणायच्या आधी तो किंचित थांबला. डोळ्याची एक उघडझाप होईल इतकाच. ते थांबणं गोलकीपरला अगदी वेळेवर दिसलं.

बायकोला त्याने सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकून म्हणाली, म्हणजे खोटं होतं तर, मग आता झालं. त्याने हो म्हटलं, आणि तिच्यासाठी ते जसं संपलं होतं तसं आपल्यासाठी संपत नाही, हे तिच्यापासून लपवलं. खोटं आहे हे कळल्यावर ते जायला हवं होतं. पण एखाद्या भाडेकरूसारखं ते आता आत राहायला आलं होतं, आणि मूळ मालकाने सांगून निघणार नव्हतं. घरातही त्या खोट्याचा वावर सुरू झाला होता. मुलगी दहा वर्षांची. लहानपणापासून तिला त्याच्याकडे वस्तू फेकायची सवय, किल्ल्या, सफरचंद, गुंडाळलेले मोजे, न सांगता, खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यातून, आणि तो न बघता झेलायचा. हा दोघांचा खेळ होता आणि आई रागवायची. शुक्रवारी संध्याकाळी त्याने तिच्याकडे कपाटाची किल्ली मागितली. तिने हात मागे नेला, फेकायला. मग तो हात तसाच खाली आला. ती चालत त्याच्यापर्यंत आली, किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली आणि अभ्यासाला निघून गेली. त्याने मूठ बंद केली. बराच वेळ ती त्याला उघडता येईना.

शनिवारच्या सामन्यात सत्तराव्या मिनिटापर्यंत गोल झाला नव्हता. मैदान भरलेलं, पण त्याच्या कानात आवाज येत नव्हता; फक्त स्वतःचा श्वास. मग उजव्या कोपऱ्यातून चेंडू वर आला. आणि त्या वेळी, का कोण जाणे, आतला तो विचारणारा गप्प होता. चेंडू उडाला तेव्हाच त्याला कळलं की तो कुठे येणार. त्यावरची शिवण फिरताना दिसत होती. त्याने दोन पावलं टाकली, गर्दीतून वाट काढली, उडी घेतली आणि ओरडला, “माझा.” पोटातून ओरडला, सतरा वर्षांपूर्वी ओरडायचा तसा. दोन्ही तळव्यांना चेंडू लागला. नुसता लागला असं नाही, त्याचं वजन हातात आलं, बोटं त्याच्यावर मिटायला लागली. तेवढ्यात बाजूने काहीतरी येऊन त्याच्या कोपरावर आदळलं आणि लाकूड मोडावं तसा आवाज झाला. चेंडू स्टॉपरच्या डोक्याला लागून बाहेर गेला होता. स्टॉपर गवतावर पडला होता, गालफड आत गेलेलं, एक डोळा दिसतच नव्हता. स्ट्रेचर आलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. उरलेली वीस मिनिटं कशी गेली ते त्याला नंतर आठवलं नाही. बरोबरी झाली. संघ टिकला. कोचने सगळ्यांना मिठ्या मारल्या, त्यालाही, आणि कानाशी म्हणाला, पुढच्या वर्षीही तूच. टीव्हीवर तो प्रसंग पन्नासदा दाखवला. सगळ्या कोनांतून माणसांच्या पाठीच दिसत होत्या, आणि सांगणारे सांगत होते, की स्टॉपरने जीव धोक्यात घालून नक्की झालेला गोल वाचवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हॉस्पिटलात गेला. जाताना त्याच्या मनात एकच होतं आणि त्याची त्याला थोडी लाजही वाटत होती. त्याला ते कुणाला तरी सांगायचं होतं. चेंडू हातात होता. मला वेळेवर दिसला होता. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याला एखादी गोष्ट पक्की ठाऊक होती, आणि ती ठाऊक असलेला जगात दुसरा कुणी असलाच तर हा पोरगा. ‘माझा’ हे त्याने ऐकलं असणारच. खोलीत औषधाचा आणि उकडलेल्या बटाट्याचा वास होता. स्टॉपरच्या अर्ध्या चेहऱ्यावर पट्ट्या, जबडा तारेने बांधलेला. आई खाली चहाला गेली होती. डॉक्टरांनी सहा महिने सांगितले होते, आणि त्या डोळ्याचं नंतर बघू म्हणाले होते. हा खुर्ची ओढून बसला. पोरगा दातांतल्या दातांत, हळूहळू, एकेक शब्द सोडवून बोलत होता.

“दादा, तुम्ही ओरडलात ते ऐकलं होतं मी.”

गोलकीपरने खुर्ची थोडी पुढे सरकवली.

“ऐकलं होतं,” पोरगा म्हणाला. “तरी आलो. रात्रभर तेच डोक्यात आहे. मी आलो नसतो, तर गोल झालाच असता ना?”

त्याचा उघडा डोळा ह्याच्यावर होता. त्या डोळ्यात हा संपूर्ण दिसत असणार, खुर्चीत बसलेला, गुडघ्यांवर हात ठेवलेला. त्या हातांत अजून ते वजन होतं. तळव्यांच्या मध्यात, बोटांच्या शेवटच्या पेरांत, अगदी जसंच्या तसं. खालून कुठूनतरी ट्रॉलीची चाकं वाजत गेली. पोरगा उत्तराची वाट बघत होता आणि त्याच्या गळ्याची घाटी वरखाली होत होती, कारण तारेमुळे त्याला नीट गिळता येत नव्हतं.

“हो,” गोलकीपर म्हणाला. “झाला असता.”

पोराने श्वास सोडला. एवढा मोठा श्वास त्या बांधलेल्या तोंडातून कसा गेला कोण जाणे. मग उघडा डोळाही मिटला, आणि हळूहळू त्याचा हात चादरीवर सैल पडला. गोलकीपर त्याची आई येईपर्यंत बसून राहिला. तिने दारातच ह्याचे दोन्ही हात धरले आणि सोडायलाच तयार होईना. तुमच्यामुळे उभा राहिला हो, म्हणत राहिली.

बाहेर बाकावर त्या पत्रकार बाई बसल्या होत्या, वही मांडीवर. दार अर्धवट उघडं होतं आणि त्यांनी ऐकलं होतं. त्या उठल्या. ऐकलेलं छापायच्या आधी विचारायचं, हा त्यांचा नेमच होता, म्हणून त्यांनी विचारलं, की हे तुम्ही त्याला बरं वाटावं म्हणून म्हणालात, की तसंच होतं? तुमच्या नावाने जाईल ते. आता कोचचं म्हणणं राहणार नाही, तुमचं होईल.

खोलीतून आईचा आवाज येत होता, ती झोपलेल्या पोराला काहीतरी सांगत होती.

“लिहा,” तो म्हणाला.

त्यांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि लिहायला घेतलं. तो तिथेच उभा राहिला, खिडकीपलीकडचा कारकून आपला अर्ज भरून घेत असताना माणूस उभा राहतो तसा, त्यांचं शेवटचं अक्षर लिहून होईपर्यंत.